पिठाच्या डब्यातली निवडणूक

जिन्याला रंग द्यायचा होता, एवढीच मूळ गोष्ट. वाचकांनी ती लक्षात ठेवावी, कारण पुढे आमच्या इमारतीत ती कोणाच्याच लक्षात राहिली नाही. रंगारी दोनदा शिडी घेऊन आला आणि दोनदा शिडी घेऊन परत गेला. तिसऱ्यांदा तो शिडी न आणता नुसता बघायला आला.

मी तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस आहे. कचेरीत आवक-जावक बघतो, म्हणजे आलेलं पुढे पाठवतो आणि गेलेल्याची काळजी करत नाही. हाच स्वभाव घरी आणला असता तर सुखी झालो असतो. पण घरी आलो की मला कल्पना सुचतात. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला कल्पना सुचली की मला आधी घरातल्या काचेच्या वस्तू उचलून ठेवाव्याशा वाटतात." हा निव्वळ कांगावा आहे. आजवर फुटलेली वस्तू एकच, आणि ती काचेची नव्हती, चिनी मातीची होती.

तर जिना. सेक्रेटरींना तो पांढरा हवा होता. सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीचेच. तळमजल्यावर राहतात, पूर्वी हिशेबखात्यात होते आणि प्रत्येक वाक्य 'नियमानुसार' या शब्दाने सुरू करतात. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाकूंना पिवळा हवा होता. दिवसभर मशीनवर मान घालून बसल्यावर दार उघडलं की जरा उजेड वाटावा, एवढंच त्यांचं मागणं. आणि माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, हिरवा हवा होता. का, तर हिरव्यावर डाग दिसत नाहीत. "हिरव्यावर माणूससुद्धा दिसत नाही, संध्याकाळी पायरी चुकेल," असं वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, पण नाना घरात गेल्यावर. नानांच्या तोंडावर त्यांना न आवडणारं बोलायची आमच्या इमारतीत पद्धतच नव्हती. त्यांना सगळे हो म्हणायचे. पुढचा सगळा घोळ त्या 'हो'मुळे झाला.

नाना आमच्याकडेच राहतात. नोकरीत ते वजनमापांचे निरीक्षक होते. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात आणि खऱ्या वजनावर शिक्के मारण्यात घालवली. आजही ते भाजीवाल्याच्या काट्याकडे अशा नजरेनं बघतात, की तो बिचारा न सांगता दोन बटाटे वर टाकतो. असा संशयी माणूस, पण निवडणूक म्हटली की लहान मुलासारखा खुलायचा. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा, पायांत बूट, आणि केंद्राचं दार उघडायच्या आधी रांगेत पहिले. नंतर आठवडाभर ते शाईचं बोट जपायचे. चहाचा कप उचलतानासुद्धा ते बोट जरा वेगळं धरायचे. मला ते बघायला आवडायचं. खरं सांगतो, फार आवडायचं.

पण मागच्या खेपेला राज्याची निवडणूक झाली आणि नाना बिथरले. त्यांचा उमेदवार होता एक निवृत्त मास्तर. पक्ष नाही, गाडी नाही, घसा बसेपर्यंत घरोघर हिंडणारा. नानांनी इमारतीत एकूणएकाला विचारलं होतं, "मास्तरांनाच ना?" एकूणएक जण म्हणाला, "म्हणजे काय!" मतदानानंतर पुन्हा विचारलं, "दिलंत ना?" सगळे म्हणाले, "दिलं की!" निकाल लागला, मास्तर सपाटून आपटले. पुढे आमच्या केंद्राचे आकडे कळले. मास्तरांना तिथे जेवढी मतं पडली होती, त्याहून जास्त माणसं आमच्या एका इमारतीत हो म्हणाली होती.

"तराजूत खोट आहे," नाना म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर बोलणंच सोडलं.

यंदा निवडणूक पुन्हा आली. जिन्यात रंगाची सभा चालली होती, म्हणजे सगळे आपापल्या पायरीवर उभे राहून एकाच वेळी बोलत होते, तेवढ्यात खालून भोंगा लावलेली प्रचाराची गाडी गेली. सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत नानांनी जाहीर केलं, "मी मत देणार नाही. ज्या काट्यावर भरवसा नाही त्यात माल टाकायचा नाही. ते मतदार कार्ड मी कात्रीनं कापून टाकणार आहे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "नानाच जाणार नसतील तर आपण तरी कशाला रांगेत उभं राहायचं?"

"खरंच बाई," शिवणकाकू म्हणाल्या, "त्या दिवशी माझे चार ब्लाउज होतील."

"नियमानुसार मतदान ऐच्छिक आहे," सेक्रेटरी म्हणाले.

अख्ख्या इमारतीला सुट्टी मिळाल्यासारखं झालं. मी बायकोकडे बघितलं. लहानपणी वडिलांच्या बोटावरची शाई बघायला ती शाळेतून पळत घरी यायची, हे तिनं मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. ती आता जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मला गलबलून आलं. गलबलून आलं की मला कल्पना सुचते.

"नाना," मी म्हणालो, "जिन्याच्या रंगाचंच मतदान घेऊ. इथे, तुमच्या डोळ्यांसमोर. पेटी तुमच्या हाताखाली, मोजणी तुमच्या हातानं. काडीची खोट निघाली नाही तर तुम्ही खऱ्या मतदानाला यायचं."

"आणि निघाली तर, जावईबापू?"

"तर कात्री मी स्वतः आणून देतो."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ती घरात गेली. आतून काचेच्या बरण्या हलवल्याचा आवाज आला.

इथून पुढे मी जिन्यातला एक साधा रहिवासी उरलो नाही. मी निवडणूक आयोग झालो. लोकांना वाटतं आयोग होणं सोपं असतं. पहिली अडचण परवानगीची. "नियमानुसार जिन्याला रंग देता येतो," सेक्रेटरी म्हणाले, "जिन्यात मतदान घेता येतं असं कुठे लिहिलेलं नाही." "घेता येत नाही असं तरी कुठे लिहिलंय?" मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, अर्ज मागितला, अर्जात समास कमी सोडला म्हणून परत केला, आणि दुसरा अर्ज 'पांढऱ्या रंगाला समान संधी मिळेल' या अटीवर मंजूर केला.

दुसरी अडचण मतपत्रिकांची. नानांनी कागद साफ नाकारला. कागदावर खाडाखोड होते, कागदाला कागद चिकटतो, कागदाचं वजन लागत नाही. शेवटी शिवणकाकूंनी आपला बटणांचा खजिना उघडला. पांढरी, पिवळी, हिरवी, सगळी एकाच मापाची बटणं निघाली. नानांनी ती तळहातावर तोलून पाहिली आणि प्रथमच माझ्या कल्पनेकडे जरा आदरानं बघितलं. मतदारानं पडद्याआड जायचं, तिथल्या वाट्यांतून हव्या त्या रंगाचं एक बटण मुठीत लपवून बाहेर यायचं, आणि सगळ्यांसमोर पेटीत टाकायचं. आत पडलं की टण्ण वाजणार. एक मतदार, एक टण्ण. यात लबाडी करायची तर माणूस मुका असून भागणार नाही, बटणच मुकं हवं.

तिसरी अडचण पेटीची. पत्र्याचा झाकणवाला डबा घरात एकच होता, आणि त्यात पीठ होतं. बायकोनं ते काढून दिलं. कसं दिलं ते इथे सांगत नाही. झाकणाला फट पाडायला डॉक्टरांनी आपलं दात कोरायचं यंत्र आणलं. डबा मांडीवर घेतला, त्याच्यावर दिवा धरला आणि सवयीनं म्हणाले, "जरा कळ येईल हं." फट मात्र सुबक पाडली. मग नानांनी ट्रंकेतून आपली जुनी पकड काढली, झाकणाच्या कडीतून तार ओवली आणि तिच्यावर शिशाचा शिक्का दाबला. निवृत्तीनंतर त्यांनी मारलेला हा पहिला शिक्का. दाबताना त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण झाला होता.

मग त्यांनी आचारसंहिता लावली. शिवणकाकूंच्या दाराला पिवळा पडदा होता, तो उतरवला. जिन्याच्या भिंती मुळात पांढऱ्या होत्या, म्हणजे आता मळक्या होत्या, पण तो पांढऱ्याचा उघड प्रचार ठरला. त्यावर चादरी टांगल्या. सेक्रेटरींच्या पांढऱ्या केसांना नानांनी विशेष सूट दिली. कुंडीतल्या झाडांबद्दल सेक्रेटरींनी लगेच तक्रार केली, ती हिरवी आहेत म्हणून. तेव्हा झाडंही आत गेली. जिना आता असा दिसत होता, की पोस्टमननं खालूनच हाक मारली, "कोणी आजारी आहे का हो?"

आणि नाना प्रचाराला निघाले. आधी पेटी राखणाऱ्यानं प्रचार करावा की नाही यावर मी आयोग म्हणून जरा कुरकुर केली. "दुसरा कोणी राखणार असेल तर मी मतदानच मानत नाही," ते म्हणाले, आणि आयोग गप्प बसला. ते दारोदार गेले. "हिरवाच ना?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे काय!" शिवणकाकू, पिवळ्या रंगाच्या अधिकृत उमेदवार, त्यासुद्धा म्हणाल्या, "तुम्ही एवढं म्हणताय तर हिरवा." सेक्रेटरी म्हणाले, "नियमानुसार विचार करतो, पण हिरवा." घरी येऊन त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "म्हणजे काय, नाना!" आता घरात राहतात हो. सकाळी स्नानाला आधी कोण जाणार, हे त्यांच्यावर अवलंबून असतं.

त्या दिवशी जेवताना बायको हळूच म्हणाली, "अहो, सगळेच हिरवा म्हणतायत. डब्यातून दुसरंच निघालं तर? नाना पुन्हा तेच म्हणतील, आणि या वेळी कार्ड खरंच कापतील." हा विचार आयोगाला सुचला नव्हता.

मतदान रविवारी सकाळी आमच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत सुरू झालं. नाना इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्चीवर, समोर स्टुलावर डबा, डब्यावर त्यांचा उजवा हात आणि डब्याला टेकलेला कान. मागे आमच्या बैठकीच्या दाराला पडदा, पडद्याआड बटणांच्या वाट्या. बायको मत दिलेल्या प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीच्या नखाला लाल नेलपॉलिश लावत होती, कारण घरात शाई नव्हती आणि हे पुसत नाही. या शेवटच्या गोष्टीचा अनुभव मी पुढे कचेरीत घेतला. साहेबांनी माझ्या बोटाकडे बघून फाइल दुसऱ्या दिवशी आणायला सांगितली.

मतदान मात्र दणक्यात झालं. खऱ्या मतदानाला घराबाहेर न पडणारी माणसं जिन्यात रांग लावून उभी होती. डॉक्टरांनी खालच्या दवाखान्यातला पेशंट तोंडात कापूस देऊन बसवला आणि ते वर धावत आले. टण्ण. शिवणकाकू गळ्यात माप घेऊनच आल्या. टण्ण. प्रत्येक टण्णला नाना मान डोलवत होते. आणि सेक्रेटरींची मूठ फटीवर आली तेव्हा आवाज आला: टण्ण, टण्ण.

"थांबा!" नाना कडाडले. "दोन पडली!"

"नियमानुसार एकच टाकलं!"

"कानाला दोन लागली!"

सेक्रेटरींचे खिसे उलटे करण्यात आले. त्यांतून रुमाल, किल्ल्या आणि औषधाची गोळी निघाली. चेहरा लालबुंद. त्यांनी राजीनामा देतो असं सांगितलं, मग कोणीच नको म्हणालं नाही म्हणून तो मागे घेतला. शेवटी शिवणकाकूंना उमगलं, की दुसरा टण्ण सेक्रेटरींच्या बोटातल्या अंगठीचा होता. सर्वांसमक्ष सेक्रेटरींना झाकणावर अंगठी वाजवून दाखवावी लागली. नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि मत वैध ठरवलं. यापुढे अंगठ्या काढून यायचं असाही हुकूम सुटला, आणि डॉक्टरांच्या बायकोची अंगठी निघेना म्हणून साबण आणावा लागला.

नाना जागचे हलले नाहीत. चहा डाव्या हातानं घेतला. मी म्हणालो, "नाना, तुम्ही जरा पाय मोकळे करून या, मी बघतो डब्याकडे."

"तुम्ही बघाल, म्हणूनच उठत नाही."

डॉक्टर म्हणाले, सेक्रेटरी म्हणाले, लेक म्हणाली. सगळ्यांना तेच उत्तर मिळालं. दुपारी मी मतदान संपल्याची घोषणा केली तेव्हा त्यांचा हात डब्यावरून उचलायला आम्हाला चोळावा लागला.

मग मोजणी. नानांनी शिक्का उलटापालटा करून तपासला, सगळ्यांना दाखवला आणि तार कापली. डबा चादरीवर ओतला. आणि डब्यातून बाहेर आलेलं प्रत्येक बटण पांढरं होतं.

"बिनविरोध!" सेक्रेटरी ओरडले. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं वाक्य, ज्यात नियम नव्हता.

बायको शांतपणे म्हणाली, "डबा पुसायला कोणी सांगितलंच नव्हतं." पीठ होतं ते. कडेकपारीत राहिलेलं सगळं बटणांना बसलं होतं. सेक्रेटरींनी वर दिसतो तोच रंग धरावा असा मुद्दा मांडला. "पिठाला मताधिकार नाही," नाना म्हणाले, आणि बटणं चाळणीत घालून नळाखाली धुवून आणली गेली.

नाना एकेक बटण उचलून रंग पुकारू लागले. पिवळा. पिवळा. पांढरा. पिवळा. नानांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. पिवळा. पांढरा. पिवळा. शिवणकाकू चेहरा पाडून उभ्या होत्या, जिंकत होत्या तरी. मी चादरीवर हिरवं काही दिसतंय का ते शोधत होतो. एकच होतं. ते अगदी शेवटी आलं.

"हिरवा," नाना म्हणाले. "एक."

नानांनी ते बटण तळहातावर ठेवलं आणि आमच्याकडे बघितलं, म्हणजे एकेकाकडे. लेकीकडे जरा जास्त वेळ. मला वाटलं, आपली कल्पना आजच्या दिवसात जमिनीत गाडून टाकावी आणि वर आपण बसावं.

"एकच," ते म्हणाले. "म्हणजे हे माझं. माझ्या घरातल्यांनीसुद्धा…" त्यांनी आमच्यावर रोखायला बोट वर केलं.

शिवणकाकूंची नजर सुईत दोरा ओवणारी. त्या म्हणाल्या, "नाना, तुमचं नख कोरं कसं?"

नानांनी बोट जवळ घेऊन बघितलं. मग दुसऱ्या हाताचं बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. सकाळपासून डब्यावरचा हात काढला नव्हता, तर पडद्याआड जाणार कधी? ज्याच्यासाठी एवढा पहारा केला, ते मत द्यायचंच राहून गेलं होतं.

"अरेच्चा," नाना पुटपुटले. आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हिरवं बटण वर धरलं. "मग हे कोणाचं?"

"माझं!" डॉक्टर म्हणाले.

"माझं!" शिवणकाकू म्हणाल्या.

"नियमानुसार माझं," सेक्रेटरी म्हणाले.

"नाना, माझं," बायको म्हणाली, आणि त्याच क्षणी माझ्याही तोंडून निघून गेलं, "माझं!" जिन्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी हात वर केले होते. नुसता बघायला आलेल्या रंगाऱ्याचाही हात वर होता, आणि तो तर मतदारच नव्हता.

त्या एवढ्याशा बटणात अख्खी इमारत बसवल्यावर आमचं आम्हालाच कसंनुसं झालं. एकेक हात खाली आला. नाना खुर्चीत बसले. बटणाकडे बघत राहिले, आमच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलत होतं आणि मला भीती वाटत होती की ते रडतील.

"डॉक्टर," ते एकदम म्हणाले, "मागच्या निवडणुकीत तुम्ही मास्तरांनाच दिलं होतं ना?"

डॉक्टरांनी कान खाजवला. "नाना, खरं सांगायचं तर… मी गेलोच नव्हतो. सुट्टी होती, जरा डोळा लागला."

"काकू?"

"मास्तर चांगलेच आहेत हो," शिवणकाकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पण त्यांनी माझ्या भावाला दोनदा नापास केलं होतं."

"सेक्रेटरी?"

"नियमानुसार मतदान गुप्त असतं," सेक्रेटरी म्हणाले. हा नियम त्यांनी कधी नव्हे तो योग्य जागी लावला.

नानांची मान माझ्याकडे वळली. मी जिन्याच्या कठड्याचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो. कठड्यालाही रंगाची गरज होती.

आणि नाना हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग स्टुलावरचा रिकामा डबा वाजायला लागला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अरे, काटा बरोबर होता!" ते म्हणाले. "काटा अगदी बरोबर होता! उभी हयात मी दुकानदार पकडत बसलो. गिऱ्हाइकाची झडती घ्यावी हे मला कधी सुचलंच नाही!"

मग आम्हीही हसलो. त्या हसण्यात इतकी सुटका होती, की खाली दवाखान्यात तोंडात कापूस धरून बसलेला पेशंट काय झालं ते बघायला वर आला, आणि डॉक्टरांना त्याची आठवण झाली. नाना डोळे पुसून उठले आणि त्यांनी निकाल दिला: जिना पिवळा. आणि मग आवाज चढवून दुसरा निकाल दिला, "आणि डोळा लागतो काय! ब्लाउज होतात काय! मत द्यायचं नाही आणि वर मला हो म्हणायचं! त्या दिवशी एकूणएकानं माझ्याबरोबर खाली उतरायचं. कोणाला द्यायचं ते मी विचारणार नाही. पण बोट बघणार!"

"म्हणजे काय!" सगळे म्हणाले. मग एकमेकांकडे बघून ओशाळले आणि पुन्हा नीट म्हणाले, "येतो, नाना."

खऱ्या मतदानाच्या दिवशी आमची इमारत पिवळ्या जिन्यावरून वरातीसारखी खाली उतरली. सगळ्यात पुढे नाना, इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. सदऱ्याचं वरचं बटण हिरवं होतं. पांढऱ्या बटणांच्या ओळीत ते डोळ्यांत भरत होतं. शिवणकाकूंनीच शिवून दिलं होतं, आणि शिवताना मला हळूच म्हणाल्या होत्या, "माझंच होतं हो ते खरं."

केंद्रावर नाना रांगेत पहिले होते. आत गेल्यावर मतदान अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, "सील कुठे आहे? बघणारे कोण कोण आहेत?" अधिकारी पहाटेपासून जागेवर खिळलेला, पण न चिडता त्यानं सील दाखवलं आणि भिंतीशी बाकावर ओळीनं बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी दाखवले. सगळे एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. एक जण उठला की बाकीचे सावध होत होते. नानांनी ते मोठ्या आनंदानं न्याहाळलं. "एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली एवढी माणसं एका खोलीत बसली आहेत," ते मला म्हणाले. "आता मला घोर नाही. आणि मी पहाऱ्याला थांबत नाही. आधी मत." माझी पाळी आली तेव्हा शाई लावणारी बाई माझ्या नखाच्या कोपऱ्यात उरलेल्या लाल रंगाकडे बघून थबकली. मी आयोगाच्या स्वरात म्हणालो, "ते दुसऱ्या निवडणुकीचं आहे." तिनं मुकाट्यानं शाईची रेघ ओढली.

बाहेर आलो तर नाना झाडाखाली उभे राहून प्रत्येकाचं बोट तपासत होते. डॉक्टरांचं, काकूंचं, सेक्रेटरींचं. कोणी मागे राहिलं नव्हतं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनीच धीर करून विचारलं, "नाना, तुम्ही कोणाला दिलंत?"

नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही दिलंत त्यालाच."

डॉक्टर खूश झाले. मागून शिवणकाकू आल्या. "आणि नाना, तुमचं?"

"तुमच्याच माणसाला, काकू."

सेक्रेटरींनी विचारलं नाही, पण नानांनी त्यांना जवळ बोलावून कानात सांगितलं, आणि सेक्रेटरींचा चेहरा उजळला. मग नाना माझ्यासमोर आले. मी काही विचारायच्या आत गालातल्या गालात हसत म्हणाले, "म्हणजे काय, जावईबापू!"

परतताना बायको माझ्या शेजारून चालत होती. जरा वेळानं तिनं विचारलं, "खरं सांगा, ते हिरवं बटण तुम्ही टाकलं होतंत?"

"मग!" मी म्हणालो.

"मीसुद्धा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हसत राहिलो. पुढे नाना चालले होते, हिरव्या बटणाचा सदरा ताठ करून, आणि शाईचं बोट जरा वेगळं धरून.